निरोप कोण सांगतो, हे लोक आधी पाहतात

साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, भर आठवडे बाजारात पाच माणसं जमावाच्या हाती सापडली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसं, बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढा भागातली, भिक्षा मागत फिरत इतक्या लांब आली होती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असा मेसेज त्याआधी कित्येक दिवस मोबाईलवर फिरत होता. मारहाण सुरू झाली, त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं गेलं आणि तिथे जीव जाईपर्यंत मारलं गेलं.

माझी आरोग्यसेविकेची नोकरी याच तालुक्यात झाली. राईनपाडा माझ्या उपकेंद्राखाली येत नव्हता, पण तसे पाडे मी पायी फिरले आहे, तिथल्या बायकांची बाळंतपणं केली आहेत. म्हणूनच त्या घटनेनंतर जे एक वाक्य सगळीकडून ऐकू यायला लागलं, ते मला आजही पटत नाही. लोक अडाणी आहेत, मोबाईलवर काहीही आलं की खरं मानतात, असं ते वाक्य. हीच माणसं लसीकरणाच्या दिवशी मला किती प्रश्न विचारायची! बाटलीवरची तारीख दाखव म्हणायची. बाटलीवरचा तो छोटा चौकोन काळा पडलाय का, हे एकदा समजावून दिल्यावर पुढच्या महिन्यात स्वतः वाकून बघायची. गेल्या वेळची नर्स दुसऱ्या मांडीवर सुई द्यायची, तू या मांडीवर का देतेस, इथवर चौकशी व्हायची. ही काहीही खरं मानणारी माणसं नव्हेत. ती पारखतात, आणि पारखताना निरोपाच्या आधी निरोप सांगणाऱ्याकडे बघतात. आपला सगळा उपदेश मात्र निरोपाबद्दलच असतो.

त्या वेळी फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक मूळचा कराचीतला होता. मुलांकडे लक्ष ठेवा, हे पालकांना सांगण्यासाठी एका संस्थेने तो केला होता. मोटारसायकलवरून दोघं येतात, मूल उचलतात, लगेच परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. आपल्याकडे आला तेव्हा शेवटचा भाग कापलेला होता. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. बरं झालं. पण सरकारकडून इशारे, पोलिसांची पत्रकं, दवंड्या हे सगळं आधीही झालंच होतं. राईनपाड्याच्या तीनच दिवस आधी त्रिपुरात सब्रूम भागात काय घडलं, ते वाचून मी सुन्न झाले होते. अफवांवर विश्वास ठेवू नका, असं लाऊडस्पीकरवरून सांगत फिरण्यासाठी तिथल्या सरकारने एका माणसाला नेमलं होतं. जमावाने त्यालाच मूल पळवणारा समजून मारून टाकलं. त्याच आठवड्यात त्याच राज्यात एका मुलाचा खून झाला होता आणि त्याचं मूत्रपिंड काढून नेल्याचं एका मंत्र्यांनी जाहीरपणे बोलून दाखवलं होतं. शवविच्छेदनात तसं काही निघालं नाही. म्हणजे एका तोंडाने सरकार भीती खरी आहे म्हणत होतं आणि दुसऱ्या तोंडाने घाबरू नका म्हणत होतं. यातलं कुठलं तोंड लोकांनी खरं धरावं?

पल्स पोलिओच्या दिवसांत घरोघर फिरताना दारावर खडूने खूण करायची पद्धत होती. सगळ्या मुलांना डोस मिळाला तर ‘पी’, कुणी राहिलं किंवा घरच्यांनी नाही म्हटलं तर ‘एक्स’. एक्सच्या घरी पुन्हा जायचं. या घरांत एकच गोष्ट फिरून फिरून कानावर यायची, की या थेंबांनी पोरं मोठी झाल्यावर त्यांना मूल होत नाही. वरिष्ठ म्हणायचे, समजावून सांगा. मी काय समजावणार? एका आजीने मला पायरीवर बसवलं आणि सांगितलं की आणीबाणीत तिच्या नवऱ्याला जीपमधून नेलं होतं. कशासाठी नेतात, ते त्याला सांगितलं नव्हतं. तेही सरकारी गाडीतूनच आले होते, तूही सरकारीच.

त्या आजीला अडाणी म्हणायला माझी जीभ धजत नाही. १९७६ साली आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक संमत केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. म्हणजे सरकार फसवून माणसाला निर्बीज करतं, ही गोष्ट तिच्या घरात घडलेली होती. अफवेने फक्त त्या गोष्टीला नवीन कपडे घातले. पोलिओचे थेंब निर्धोक आहेत हे खरं, आणि आजीची भीती खऱ्या अनुभवातून आलेली हेही खरं. ज्यांना यातलं पहिलंच दिसतं, ते कितीही पत्रकं वाटोत, त्या दारावरचा एक्स पुसला जात नाही. त्या घरातल्या नातवाला शेवटी डोस मिळाला तो आजीच्या सुनेमुळे. तिच्या अडलेल्या बाळंतपणात मी रात्रभर तिच्याजवळ होते. सासूला तिने काय पटवलं असेल ते असो, मला मात्र ती एवढंच म्हणाली, “तू सांगी ऱ्हायनी म्हनीसन.” पोलिओबद्दलचं तिचं ज्ञान त्या दिवशी तसूभरही वाढलं नव्हतं.

विश्वास नुसत्या मायेनेही मिळत नाही. तो मिळतो वाईट गोष्ट आधी सांगितल्याने. बाळाला पेंटाव्हॅलंट दिल्यावर मी आईला सांगायची, आज रात्री ताप येईल, मांडीवर गाठ येईल, बाळ किरकिर करेल, ही गोळी अशी अशी दे, दोन दिवसांत उतरलं नाही तर मला बोलव. रात्री ताप आला की आई घाबरायची नाही, कारण मी सांगितलं तसंच घडलेलं असायचं. तो ताप माझ्या बाजूने साक्ष द्यायचा. आणि हाच ताप, काहीही होत नाही असं सांगून गेलेल्या माणसाच्या विरुद्ध जातो. २०२१ मध्ये कोविडच्या लसीच्या वेळी मी हे डोळ्यांनी पाहिलं. लस पूर्णपणे सुरक्षित आहे, असे फलक लागले होते. लस चांगलीच होती, तिने माणसं वाचवली. पण रोजंदारीवरच्या माणसाचे तापाने दोन दिवस बुडाले, आणि त्याबद्दल त्याला आधी एक शब्द कुणी बोललं नव्हतं. मग ज्याने त्याला मोबाईलवर भलतंसलतं दाखवलं होतं तो खरा ठरला आणि आम्ही खोटे. लोक घाबरतील म्हणून त्यांच्यापासून गोष्टी लपवणं, ही माझ्या मते राज्यकर्त्यांची सगळ्यात महाग पडणारी सवय आहे.

निवृत्तीनंतर या विषयावर जे मिळेल ते वाचत आले. १९७७ साली अमेरिकेत हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या तिघांनी विद्यार्थ्यांना काही विधानं दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा दाखवली आणि प्रत्येक वेळी विचारलं, हे किती खरं वाटतं? जी विधानं पुन्हा पुन्हा समोर आली ती जास्त खरी वाटू लागली, मग ती खरी असोत की खोटी. २०१५ मधला एक अभ्यास तर सांगतो की ज्याला योग्य उत्तर आधीपासून माहीत असतं, त्याच्यावरही हा परिणाम होतो. दहा ग्रुपांवर तोच मेसेज आला की माणसाला वाटतं, दहा जण सांगतायत. निवडणुकीच्या दिवसांत सगळ्याच पक्षांची यंत्रणा याच्या जोरावर चालते.

राजकारणाची पारख मात्र लसीच्या पारखीहून अवघड निघाली. सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास बिहारमध्ये बाराशेहून अधिक लोकांबरोबर प्रयोग केला. काही घरांत जाऊन सुमारे तासभर शिकवलं, की खोटी बातमी कशी ओळखायची, फोटो मूळचा कुठला ते कसं शोधायचं. एकंदरीत जवळपास फरक पडलाच नाही. उलट केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांची, आपल्या पक्षाच्या सोयीच्या खोट्या बातम्या ओळखण्याची कुवत या शिकवणीनंतर कमी झाली. मला यात त्या एका पक्षाचे लोक वेगळे दिसत नाहीत. पक्ष ज्याच्या घरादाराची ओळख बनलेला असतो, त्याला त्या पक्षाविरुद्धचा पुरावा म्हणजे घरावर घातलेला हात वाटतो. मग शिकलेली युक्ती तो समोरच्याची बातमी खोडायला वापरतो. आमच्या तालुक्यात पदवीधर, नोकरदार, वकील मंडळींना मी हे करताना रोज बघते. तेव्हा अडाणीपणाची तक्रार त्यांच्याबद्दल कुणी करत नाही.

आणि ज्यांचा कशावरच विश्वास उरलेला नाही, ते तरी सुरक्षित आहेत का? सगळेच खोटं बोलतात, सगळे पैसे खातात, असं म्हणणारा माणूस फार जागरूक वाटतो. पण त्याला ताप आला, मुलगी हरवली, गावात साथ आली की त्याला कुणाचं तरी ऐकावंच लागतं. तलाठी, पोलीस, डॉक्टर, वर्तमानपत्र सगळे बाद केल्यावर उरतो तो मोबाईल हातात घेऊन बसलेला मेहुणा. खरी बातमी न मानणं हे खोटी बातमी मानण्याइतकंच घातक असतं.

राईनपाड्याची आणखी एक बाजू बोलली गेली नाही असं मला वाटतं. अफवेला अनोळखी माणूस लागतो. त्या बाजारात साडीवाला बाहेरचा होता, भांडीवाला बाहेरचा होता. त्यांच्यावर कुणी हात टाकला नाही. घाव पडला तो पालं ठोकून राहणाऱ्यांवर. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, पण फिरस्त्याकडे बघण्याची नजर तीच राहिली. कुठे चोरी झाली की चौकशी आधी पालावर होते. पोलीस वर्षानुवर्षं ज्यांच्यावर संशय घेताना गाव बघतं, त्यांच्याबद्दलचा मेसेज गावाला खरा वाटायला फॉरवर्ड करणाऱ्याची गरजसुद्धा उरत नाही.

काय करता येईल, याची दोन उत्तरं मला ठोस दिसतात. एक बिहारमधूनच आलं आहे. मोठ्या माणसांना तासभर शिकवून जमलं नाही, तेव्हा बद्रीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवी ते बारावीच्या तेरा हजारांवर मुलामुलींबरोबर प्रयोग केला आणि त्यातल्या काहींना गावातल्या वाचनालयांत काही आठवडे वर्ग घेऊन शिकवलं. तिथे स्पष्ट फरक पडला, काही महिन्यांनंतरही टिकला आणि मुलांनी आईबापांपर्यंत पोचवला. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि आश्रमशाळांत हे करायला काय अडचण आहे? मुलांना अजून पक्षाची ओळख जडलेली नसते, आणि घरातलं लेकरू परकं नसतं.

दुसरं उत्तर खर्चाचं आहे, म्हणून ते टाळलं जातं. उपकेंद्रातल्या रिकाम्या जागा भरा. आशांना मानधनासाठी आझाद मैदानावर जाऊन बसावं लागतं, ते थांबवा. साथ आली, लस आली, अफवा उठली, की जी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना मिळते ती त्याच दिवशी आशा, अंगणवाडीताई आणि पोलीस पाटील यांना द्या, त्यातल्या वाईट बातमीसकट. आज आमच्या आशांना कित्येकदा गावकऱ्यांच्या मोबाईलवरून कळतं की आपल्याच खात्याने काय ठरवलं. आणि त्यांच्या फिरतीच्या यादीत गावाबाहेरची पालं घाला. पालावरच्या बाळाला नर्सने भर दुपारी, सगळ्यांसमोर लस दिली, त्याच्या आईला नावाने हाक मारली, तर गावही ते नाव ऐकतं.