वाड्याच्या मागच्या दारानं



गेल्या हिवाळ्यात आपल्यासारख्याच काही गटांची दोन दिवसांची बैठक होती. विषय होता असंघटित क्षेत्रातल्या बायांची मजुरी. जागा ठरली होती पुण्यापासून दीड-दोन तासांवरचा एक जुना वाडा. मालकांनी त्याची डागडुजी केलीय आणि आता तो रात्रीच्या भाड्यानं पाहुण्यांना देतात. 'इतिहासात राहा' अशी त्यांची जाहिरात. बाहेरगावच्या आम्ही अठरा जणी. संस्था म्हणून थोडी सूट मिळाली, म्हणून कुणी फार विचार केला नाही. मीही केला नाही. आज जे लिहितेय ते आधी स्वतःला विचारून मग तुम्हांला विचारतेय.

दिंडी दरवाजातून आत शिरलो तर नऊवारीतल्या दोन मुलींनी ओवाळलं. 'या वहिनीसाहेब' म्हणाल्या. पुरुष पाहुणा आला की त्याला 'सरकार' म्हणायचं, असं त्यांना शिकवलेलं होतं. खोल्यांना नंबर नव्हते, नावं होती : दिवाणखाना, माजघर, कोठी, बाळंतिणीची खोली. एका रात्रीचं भाडं साडेसहा हजार. संध्याकाळी नथ, चंद्रकोर, नऊवारी अंगावर चढवून फोटो काढायची सोय. रात्री 'पेशवाई थाटा'चं जेवण : चौरंग, समया, केळीचं पान. दिवसभर किमान वेतनावर तावातावानं बोललेल्या आम्ही नथी घालून पंगतीत बसलो. माझाही फोटो आहे. चांगला आलाय.

मला झोपायला मिळाली 'बाळंतिणीची खोली'. उंचावर हातभर खिडकी, जाड भिंती. आता तिथे एसी आहे, गेरूच्या रंगाची चादर आहे आणि दाराशेजारी पाटी आहे : 'या खोलीत घराण्याच्या सात पिढ्या जन्मल्या.' जन्मल्या खऱ्या. त्या खोलीत किती जणी गेल्या, ते पाटीवर नव्हतं. धूर, अंधार, ओल, सोयर म्हणून दहा दिवस कुणी शिवायचं नाही, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी पहिलं बाळंतपण. ज्या खोलीच्या विरोधात आपल्या आज्या-पणज्यांनी, सुईणींनी, पहिल्या स्त्री डॉक्टरांनी झगडा केला, ती खोली आता मऊ उश्या घालून विकायला ठेवलीय.

पहाटे पाचला जाग आली. परसदारी भांड्यांचा आवाज येत होता. एक मावशी ओट्यावर बसून आमची रात्रीची पातेली घासत होत्या. बोलायला बसले. त्या गावातल्याच. रोज तीनशे रुपये. शनिवार-रविवारी बारा-बारा तास काम, जादाचे पैसे नाहीत. त्यांनाही नऊवारी नेसावी लागते, आणि तिचे पैसे पगारातून कापलेले. 'पाहुण्यांना बरं वाटतं म्हणे,' मावशी म्हणाल्या. ये-जा मागच्या दारानं. पाहुण्यांच्या संडासात जायचं नाही. मागे शेतात जायचं, ते उजाडायच्या आत.

आदल्या दिवशी आम्ही मजुरीवर तीन ठराव केले होते. मावशी तेव्हा चहाचे कप उचलत होत्या.

*

मी झरीची. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं, दहा-बारा वर्षं बचत गट आणि कौटुंबिक हिंसेच्या केसेस यांत गेली. आम्ही मातंग. माझी आजी गावातल्या एका वाड्यावर कामाला होती. गोठा झाडायचा, शेण काढायचं, सणाला केरसुण्या आणि दोर नेऊन द्यायचे. मोबदल्यात सुगीला धान्य आणि रोजचं शिळंपाकं. तिच्या आईनं हेच काम निजामाच्या राज्यात केलं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, पुढच्या वर्षी जहागिऱ्या गेल्या. गोठा झाडायचं काम मात्र घरातच राहिलं, आईकडून लेकीकडं आलं.

बैठकीहून आले आणि आजीला फोटो दाखवला. म्हटलं, आजी, मी वाड्यात राहून आले. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, 'आतून कसा असतोय गं माय वाडा?'

वीस वर्षं त्या वाड्यावर राबलेली बाई मला हे विचारत होती. ढेलजेच्या पुढं ती कधी गेलीच नव्हती. 'मपली सीमा दगडापसवर,' ती म्हणाली. 'पाणी वरून वतायचे. मालकीण चांगली व्हती. पर आत न्हाई.'

माझ्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, 'मग हा तर विजयच झाला! आजीनं उंबरा ओलांडला नव्हता, नात आत एसीत झोपली.' खरं सांगते, क्षणभर मलाही तसं वाटलं होतं. नथीतल्या त्या फोटोतलं हसू काही खोटं नाही. पण तो विजय असेल तर पहाटे पातेली घासणाऱ्या मावशी कोण? मी आत गेले ती साडेसहा हजाराच्या जोरावर. दार होतं तिथंच आहे आणि त्याची रीतही तीच आहे. फक्त माझी जागा बदलली. आजीच्या जागेवर दुसरी कुणी आजी बसलीय.

*

आता इतिहासाकडे येऊ, कारण या वाड्यांत विकला जातो तो इतिहासच. कुणाचा इतिहास?

पेशवाईचा थाट म्हणताना पेशवाईतल्या कुणबिणी कुठं गेल्या? कुणबिणी आणि बटकी म्हणजे विकत घेतलेल्या, बक्षीस म्हणून दिलेल्या, कोठीत, मुदपाकखान्यात, पागेत राबणाऱ्या बायका. त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी पेशव्यांच्या दप्तरांत आहेत. कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीला कायद्याचा आधार उरला नाही तो १८४३ साली. त्याआधी 'कोठी' नावाच्या खोलीत धान्य निवडत कोण बसत होतं? ती कोठी आता 'जोडप्यांसाठी खास' आहे.

माजघर म्हणताना माजघरातल्या विधवा कुठं गेल्या? केस उतरवलेली, एक वेळ जेवणारी, साऱ्या घराचा स्वयंपाक करणारी आणि शुभकार्यात तोंड लपवणारी बाई प्रत्येक मोठ्या घरात होती. घरातल्याच पुरुषामुळे दिवस गेले तर आड होताच. म्हणून तर १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं. म्हणून तर १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना धारेवर धरलं. वाड्याच्या चौकात आज पर्यटक आडात वाकून फोटो काढतात. त्या आडाजवळ एक पाटी का नाही?

आणि वाड्याच्या पायाचं काय? १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेतली ही मातंग मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिनं लिहून ठेवलंय की आम्हांला आमच्या जागेवरून हाकलून यांनी मोठमोठ्या इमारती बांधल्या, आणि त्या इमारतींच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरलं. चौदा वर्षांच्या पोरीला जे दिसलं, ते आपल्याला पदव्या घेऊन दिसत नाही. दगडी जोतं बघून आपण 'काय बांधकाम आहे!' म्हणतो.

कुणी म्हणेल, ही फार जुनी गोष्ट झाली, सहलीला गेल्यावर इतकं काय मनावर घ्यायचं? मग जरा बाहेर बघा. अमेरिकेत कापसाच्या मळ्यांवरच्या हवेल्या अशाच भाड्यानं देतात, तिथं लग्नं लावतात. २०२२ साली मिसिसिपी राज्यातली एक जुनी झोपडी एअरबीएनबीवर भाड्याला होती. गुलामांची झोपडी असं जाहिरातीतच म्हटलेलं, आत नवी न्हाणी, नवे नळ. एका काळ्या वकिलानं त्यावर व्हिडिओ केला, गदारोळ झाला, कंपनीला माफी मागावी लागली आणि अशा जागा काढून टाकू असं जाहीर करावं लागलं. त्याच देशात लुइझियानात व्हिटनी नावाचा मळा २०१४ पासून संग्रहालय म्हणून उघडा आहे. तिथं गोष्ट मालकाची सांगत नाहीत, गुलाम म्हणून राबलेल्यांची सांगतात. म्हणजे दुसरा रस्ता आहे. चालायची इच्छा हवी. आपल्याकडे अजून कुणी विचारलंसुद्धा नाही.

*

दुसरी बाजू मला माहीत आहे. मराठवाड्यात मी ती रोज बघते. पांढऱ्या मातीच्या गढ्या पावसागणिक ढासळतायत. माळवदं कोसळतायत, सागवानी खांब भंगाराच्या भावात जातायत. वाडा कुणी दुरुस्त केला तर तो वाचतो, गावात चार बायांना काम मिळतं. तीनशे रुपये का होईना, मावशीला ते हवे आहेत. 'बहिष्कार घाला' असं मी म्हटलं तर पहिली कात्री मावशीच्याच पोटाला लागेल. तेव्हा वाडे पाडा असं मी म्हणत नाही. वाड्यात राहू नका असंही म्हणत नाही. गप्प बसून राहू नका, एवढंच म्हणतेय.

'बायांना रोजगार' या शब्दाला मात्र मी अशी सोडणार नाही. वाडा कुणाच्या नावावर आहे, ते विचारा. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क १९९४ साली मिळाला, साऱ्या देशात २००५ साली. तरी भाऊबीजेच्या ओवाळणीत हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या झालेल्या बहिणी प्रत्येक तालुक्यात भेटतील. ज्या वाड्याला 'घराण्याचा वारसा' म्हणतात, त्या घराण्याच्या लेकींचा वारसा कुठं गेला? राज्य सरकारनं २०२३ साली महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. बाईच्या मालकीचा पर्यटन व्यवसाय असेल तर कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. चांगली गोष्ट आहे. पण बाईच्या नावावर ना घर, ना सात-बारा. मग बँकेच्या दारात ती काय घेऊन उभी राहणार? कागदावर मालकीण आणि गल्ल्यावर नवरा, असं होऊ द्यायचं नसेल तर गावागावांतल्या आपल्या गटांनी त्यात लक्ष घालावं लागेल.

आणखी एक. रात्री-अपरात्री परक्या पाहुण्यांच्या खोल्यांत चादरी बदलायला जाणाऱ्या या बाया आणि पोरी. 'वहिनीसाहेब, सरकार' अशी भाषा शिकवलेली, म्हणजे पाहुण्यानंही 'सरकार'सारखं वागायला हरकत नाही असा त्याचा अर्थ काही पुरुष काढणारच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा २०१३ पासून आहे. दहापेक्षा कमी कामगार असले तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मी मावशींना विचारलं, त्यांनी हे नावही ऐकलेलं नव्हतं. माझ्याजवळचा पत्ता आणि फोन त्यांना लिहून दिला. बैठकीत मी केलेलं उपयोगी काम म्हणायचं तर तेवढंच.

*

म्हणून माझं म्हणणं असं :

आपली बैठक, शिबिर, सहल कुठंही असो, जागा ठरवण्याआधी तिथं राबणाऱ्या बायांना रोज काय मिळतो, जादा तासांचे पैसे मिळतात का, संडास कुठला वापरायचा, ये-जा कुठल्या दारानं, हे चार प्रश्न विचारायचे. उत्तर मिळालं नाही तर जागा बदलायची. आपलं अनुदान, आपली वर्गणी कुणाच्या खिशात जाते याचा हिशोब आपणच ठेवायचा.

वाड्याच्या मालकांना पत्र लिहायचं. पाट्या लावायच्याच असतील तर साऱ्यांच्या लावा : बाळंतपणात गेलेल्यांची, केशवपन झालेल्यांची, दळण-कांडण करणाऱ्यांची, गोठा झाडणाऱ्यांची. नावं सापडत नसतील तर गावातल्या म्हाताऱ्या अजून आहेत, त्यांना विचारा. त्या उद्या नसतील.

तेच काम आपल्या गटांनीही हाती घ्यावं. झरीत आम्ही सुरुवात केलीय. आठ म्हाताऱ्यांशी बोलून झालं. कुणी कुठल्या वाड्यावर काय काम केलं, काय मिळालं, कुठपर्यंत जायची मुभा होती, ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवतोय. पहिलं पान आजीचं.

आमच्या भागातली पुढची बैठक मी झरीला बोलावलीय. राहायची सोय बायांच्या घरी, जेवण बचत गटाचं, ठरलेल्या दरानं आणि हातात रोख. उश्या मऊ नसतील. एसी नाही. पण ताट वाढणारी बाई ठराव मांडायलाही बसेल.

माझा नथीतला फोटो मी पुसलेला नाही. आजी तो अधूनमधून मागते. आतल्या खांबांकडं, समईकडं, चौरंगाकडं बघत राहते. तिला काय सांगावं, हे मला अजून नीट सुचलेलं नाही. तुमच्या गावातल्या वाड्यांचं काय चाललंय, तुमच्या आज्या कुठल्या दारानं आत जायच्या, जरूर लिहा.