पंचनामा आणि पाऊस

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा मृग तीन आठवड्यांवर होता. कणकवलीच्या बागायतदाराला तेवढीच सवड होती. कललेले आंब्या-काजूचे कलम मुळे सुकण्याआधी उभे करायचे, मोडल्या फांदीच्या कापाला बोर्डो पेस्ट लावायची, भिजलेला पेंढा वाळवायचा, गुरांना घटसर्पाची लस टोचून घ्यायची. पण पंचनाम्याआधी झाडाला हात लावायला तो धजत नाही. पुरावा जाईल ही धास्ती! बँकेत उभी हयात घालवलेला मी एवढे जाणतो, की कर्जाचा हप्ता पुढे ढकलता येतो, पाऊस नाही. मग झाडाचा फोटो पुरावा मानून मजुरीपुरती रक्कम आठवड्याच्या आत का देऊ नये? मेलेल्या कलमाच्या भरपाईपेक्षा जगू शकणाऱ्या कलमाचा टेकू स्वस्त पडतो.