पदवी आणि पाना

घरात पदवीधर होऊ घातलेला मुलगा असला की त्याच्याकडून दोन अपेक्षा असतात. एक, त्याला इंग्रजी कागद वाचता यावा. दुसरी, त्याने हात काळे करू नयेत. पहिली रास्त आहे. दुसरीशी माझे भांडण आहे.

आमच्याकडे जुने विकत घेतलेले सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आहे. गेल्या पावसाळ्यात ते असे खडखडू लागले की शेजारी दार लावून घेत. दुरुस्तीवाल्याने उंबऱ्यातूनच ऐकून ‘मोटार गेली’ असा निकाल दिला. मी पाना हाती घेतला तेव्हा वडील संतापले. ते सेंटरिंगच्या कामावर जातात. ‘माझ्यासारखी पाने-पक्कडच धरायची होती, तर कॉलेजात कशाला घातलं तुला?’ या प्रश्नापुढे तर्कशास्त्राचे सारे तास लंगडे पडतात.

परंतु तर्कशास्त्र नेमके येथेच कामी येते. आवाज केव्हा होतो, धुताना की पिळताना? पिळताना होत असेल तर कपडे एका बाजूला गोळा झाले असतील, मशीनचे पाय सम टेकत नसतील, किंवा ब्रेक नीट सुटत नसेल. धुताना होत असेल तर तळाची फिरती चकती पाहावी. आमचा आवाज धुतानाचा. प्लग काढला, पाणी सोडून दिले, चकतीचा मधला स्क्रू फिरवून ती वर उचलली. खाली दोन रुपयांचे नाणे आणि एक वाकडी झालेली केसाची पिन! मोटार ठणठणीत होती.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. आपण तो वहीत उतरवून घेतो, आणि घरचा पंखा बंद पडला की कारागिराची वाट पाहत बसतो. (प्राध्यापकांनी राग मानू नये, त्यांच्याही घरी हेच चालत असावे.) वडिलांचा राग मला समजतो. ज्या हातांना आयुष्यभर कोणी मान दिला नाही, तसले हात मुलाला नकोत, एवढेच त्यांचे म्हणणे. पण यात दोष हातांचा, की मान न देणाऱ्यांचा?

सारेच घरी करावे असे मी म्हणत नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते. तेथे हात घालू नये. बेअरिंग झिजून घरघर येत असेल तर कारागीरच बोलवावा. मात्र मशीन आपल्यासमोर उघडायला लावावे, शेजारी उकिडवे बसून काय चालले आहे ते विचारावे, आणि मजुरी देताना घासाघीस करू नये.