गिऱ्हाईक आणि मजूर

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात, ग्रीन्सबरो शहरी, वूलवर्थच्या दुकानात 1 फेब्रुवारी 1960 रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी किरकोळ खरेदी केली, तिचे पैसे चुकते केले, आणि मग त्याच दुकानातील केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या फराळाच्या जागी बसून कॉफी मागितली. ती नाकारली गेल्यावरही दुकान बंद होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. अशाच धरण्यांसाठी नॅशव्हिल येथे ज्यांनी विद्यार्थ्यांना मार खाऊनही हात न उगारण्याची तालीम दिली आणि त्यापायी विद्यापीठातून हकालपट्टी पत्करली, ते जेम्स लॉसन 1953 ते 1956 या काळात आपल्या नागपुरास हिस्लॉप महाविद्यालयात होते व गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तेथेच केला, ही गोष्ट आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. अभिमान गैर नाही. मात्र तो सोयीचा आहे. नागपुराहून काय गेले याचा हिशेब मांडताना इंदापूर तालुक्यात काय उरले होते, हे पाहण्याचे आपण टाळतो.

त्या विद्यार्थ्यांचे धैर्य वादातीत आहे, परंतु त्यांना यश का आले याचा विचार करताना भावनेपेक्षा दुकानदाराची खतावणी अधिक बोलकी ठरते. कृष्णवर्णीय माणूस वूलवर्थचा गिऱ्हाईक होता. त्याचा डॉलर गल्ल्यात चालत होता, चालत नव्हता तो फक्त त्याचा स्पर्श. नॅशव्हिलमध्ये ईस्टरच्या ऐन हंगामात या गिऱ्हाइकांनी बाजारपेठेकडे पाठ फिरविली तेव्हा व्यापाऱ्यांना समतेचे तत्त्व झपाट्याने उमगू लागले, आणि 10 मे रोजी तेथील फराळाच्या जागा खुल्या झाल्या. ग्रीन्सबरोच्या वूलवर्थने 25 जुलैस तोच मार्ग धरला. बहिष्काराचे हत्यार तेथे पीडितांच्या हाती होते.

आपल्या खेड्यात नेमके उलटे आहे. 1972 साली इंदापूर तालुक्यातील बावडा येथे दलित वस्तीवर गावाने बहिष्कार घातला, आणि त्यामागे त्या वेळच्या एका राज्यमंत्र्यांचे निकटचे नातलग असल्याचा आरोप जाहीरपणे झाला. खेड्यातील बहिष्कार म्हणजे काय, हे शहरी वाचकास समजावून सांगितले पाहिजे. शेतावर मजुरी नाही, वाण्याकडे मीठ-मिरची नाही, गिरणीत दळण नाही, जनावरांना गायरान नाही, आणि हे सर्व लेखी हुकुमावाचून, केवळ पाटीलकीच्या दराऱ्याने. मुंबई सरकारने 1928 साली नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिच्यावर डॉ. आंबेडकर स्वतः सभासद होते, हाच बहिष्कार अस्पृश्यांच्या दमनाचे सर्वांत प्रभावी साधन म्हणून नमूद केला होता. मारहाणीची निदान फिर्याद होते. मजुरी न मिळाल्याची फिर्याद कोण घेणार?

आणि कायदा नव्हता असेही नाही. अस्पृश्यता निवारणाच्या 1955 च्या कायद्याने, त्या निवारणामुळे लाभलेला हक्क बजावणाऱ्यावर बहिष्कार घालणे हा गुन्हा ठरविलेलाच होता. तरीही सतरा वर्षांनी बावडा घडले. चवदार तळ्याचेही असेच होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली संमत केला, महाड नगरपालिकेने 1924 साली त्यास मान तुकविली, आणि तरीही 20 मार्च 1927 रोजी त्या पाण्याची ओंजळ घेणाऱ्यांची डोकी फुटली. ठराव आणि ओंजळ यांच्यामधले अंतर कापताना मार कोणाला पडतो, हे पाहिले म्हणजे कायदेमंडळाच्या औदार्याची खरी किंमत कळते.

बावडा आणि परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची झालेली विटंबना, या दोन बातम्यांनी मुंबईतील तरुण पेटून उठले, आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळ, ज. वि. पवार प्रभृतींनी दलित पँथर उभारली. नाव त्यांनी अमेरिकेकडूनच घेतले. परंतु कॉफीसाठी शांतपणे बसून राहणाऱ्या विद्यार्थ्यांकडून ते घेतले नाही, 1966 साली ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या जहाल ब्लॅक पँथरकडून घेतले. या निवडीचे खापर तरुण रक्तावर फोडणाऱ्या सज्जनांनी एवढेच सांगावे, की ज्याला मुळात दुकानात गिऱ्हाईक म्हणूनच पाय ठेवता येत नाही, त्याने धरणे कोठे धरावे?

बारामती-इंदापूरचा हा मुलूख तर या प्रश्नाच्या अभ्यासाची पाठशाळाच म्हणावी असा आहे. नीरेचा डावा कालवा 1885 पासून वाहू लागला, उसामागोमाग कारखाने आले, सहकार आला, आणि त्यांच्या वैभवाची वर्णने महाराष्ट्राने पाठ केली; परंतु कालव्याचे पाणी जमिनीकडे जाते, आणि जमीन ज्याच्याकडे नाही त्याच्या वाट्यास त्या पाण्यातून फक्त मजुरी येते. महारवतने 1958 च्या कायद्याने संपली, गावकीची वेठ सुटली, हे उत्तम झाले. मात्र वेठ सुटलेल्या माणसाची भाकर बव्हंशी बागायतदाराच्याच बांधावर राहिली, आणि जोवर ती तेथे आहे, तोवर बहिष्काराची नुसती धमकीही पुरेशी होते.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरला, हे स्वागतार्ह होय. परंतु फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालतो आणि चूल दिवसातून दोनदा पेटवावी लागते. सबब माझे म्हणणे असे, की बहिष्काराची फिर्याद नोंदली जाताच तपासाच्या निकालाची वाट न पाहता, तहसीलदारांनी त्या वस्तीसाठी रोजगार हमीचे काम त्याच आठवड्यात सुरू करावे, आणि गावचे रास्त भावाचे दुकान बहिष्कार घालणाऱ्यांच्या ताब्यात असल्यास शिधा शेजारच्या गावातून पोहोचवावा. यास नवा कायदा लागत नाही. बावड्याचा बहिष्कार ज्या दुष्काळाच्या वर्षी पडला, त्याच दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राने रोजगार हमीची योजना विस्तारली आणि 1977 साली तिला कायद्याचे रूप दिले. मागेल त्याला काम देण्याचे बंधन सरकारने तेव्हाच पत्करले आहे, आणि ज्याचे काम गावाने हिरावून घेतले त्याच्याइतका त्याचा हक्कदार दुसरा कोणी नाही.