ग्रुपवर फोटो नको, तक्रार नोंदवा

२०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूरचे नाव आहे. शहराची हवा किती खराब आहे, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर कोणालाही पाहता येते. ‘स्वच्छता’ अ‍ॅपवर कचऱ्याचा फोटो टाकून तक्रार करता येते. मग मोहल्ल्यात जळणाऱ्या कचऱ्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच का अडकतो? ग्रुपवरचा संताप दुसऱ्या दिवशी विरतो. नोंदवलेल्या तक्रारीचा मात्र जाब विचारता येतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या वस्तीतून तक्रारच जात नाही, ती वस्ती कागदावर स्वच्छ ठरते. दिवसभर विड्या वळणाऱ्या आपल्या कितीतरी माता-भगिनींकडे स्मार्टफोन नाही. आहे त्यांना तक्रार कशी करायची, हे कोणी शिकवलेले नाही. धूर मात्र त्यांच्याच घरात शिरतो.

म्हणून तरुणांनो, आठवड्यातून एक तास आपल्या गल्लीसाठी द्या. शेजारच्या खालांना विचारा, त्यांच्या वतीने तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक जपून ठेवा. दाद मिळाली नाही, तर तोच क्रमांक घेऊन त्यांच्यासोबत महापालिकेच्या झोन कार्यालयात जा.