कांडी भरण्याआधी वळूचा नंबर विचारा

गाय माजावर आली की आपण फोन करतो आणि सांगतो, "चांगली कांडी आणा." पेंडीच्या पोत्याचा भाव चार दुकानांत विचारणारे आपण, ज्या वळूची लेक पुढे कित्येक वर्षं आपल्या दावणीला उभी राहणार, त्याची साधी चौकशी करत नाही. कांडीवर वळूचा नंबर, जात आणि रेतन केंद्राचं नाव छापलेलं असतं. कांडी भरण्याआधी ते वाचा, वहीत उतरवा. आणि पुढचा प्रश्न विचारा: या वळूची पारख कशावरून केली आहे?

वळू काही दूध देत नाही. म्हणून आजवर त्याची पारख लेकींवरून होत आली. लेकी जन्मायच्या, वाढायच्या, व्यायच्या, त्यांचं वेत मोजलं जायचं. तोवर वळू पाच-सहा वर्षांचा होतो. पारख पक्की, पण वेळखाऊ. जनुकीय चाचणीत वासराच्या केसांच्या मुळांवरून किंवा कानाच्या तुकड्यावरून डीएनए तपासतात आणि वळू लहान असतानाच अंदाज बांधतात. अमेरिकेत होल्स्टीनसाठी हे २००९ पासून अधिकृतपणे चालू आहे. आपल्या गायी-म्हशींच्या अशाच डीएनए तपासणीसाठी बनवलेल्या गौचिप आणि महिषचिपचं उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यात झालं.

"याच्या आईला इतकं दूध होतं" एवढ्यावर मात्र भुलू नका. एकाच आईबापाचे दोन सख्खे वळू कागदावर सारखेच दिसतात, पण दोघांकडे आलेला वारसा वेगळा असतो. तो फरक चाचणीत दिसतो, आईच्या दुधाच्या आकड्यात दिसत नाही.

लेकींच्या नोंदींतूनही सगळं कळतं असं नाही. अमेरिकेत १९६२ साली जन्मलेला चीफ नावाचा होल्स्टीन वळू फार गाजला. त्याला सोळा हजार लेकी झाल्या, दूधही भरपूर वाढलं. पण त्याच्या रक्तात एक छुपा दोष होता. तो आई आणि बाप दोघांकडूनही आला की गर्भ पोटातच मरायचा. त्यामुळे जगभरात सुमारे पाच लाख गायी गाभडल्या, असा अंदाज पुढे संशोधकांनी मांडला. हा दोष सापडला तो डीएनए तपासणीमुळेच. म्हणून लेकींवर सिद्ध झालेला वळू असला, तरी आनुवंशिक दोषांची तपासणी झाली आहे का, हे विचाराच.

आता दुसरी बाजू. चाचणीचा आकडा आकाशातून पडत नाही. हजारो जनावरांचा डीएनए आणि त्यांच्या दुधाच्या नोंदी जुळवून तो काढतात. होल्स्टीनच्या अशा नोंदी परदेशात लाखोंनी आहेत. आपल्या गीर, मुऱ्हा, पंढरपुरीच्या त्या मानाने फार थोड्या. शिवाय तिकडचा आकडा तिकडच्या हवेतला, तिकडच्या चाऱ्यावरचा. मराठवाड्यातल्या मे महिन्यात आणि कडब्यावर तो तसाच उतरेल, हे धरून चालू नका. आकड्याशेजारी विश्वासार्हतेची टक्केवारी असते, तीही विचारा.

माझा सल्ला असा. दोन-चार गायींचा गोठा असेल आणि चांगल्या लेकी असलेल्या वळूची कांडी मिळत असेल, तर तीच घ्या. तरुण, फक्त चाचणीवर निवडलेला वळू वापरायचा असेल तर जरूर वापरा, पण सगळ्या गायी एकाच वळूने भरवू नका. दोन-तीन वेगवेगळे घ्या. अंदाज एखाद्याच्या बाबतीत चुकला, तरी सगळा गोठा अडकत नाही. पहिलारू कालवडीला सुलभ प्रसूतीचा वळू निवडा. आणि बापाची कांडी लेकीला कधीही नको. वहीत नंबर नसेल तर हे टाळणार कसं?

चाचणी असो वा लेकींची पारख, दोन्हींचा पाया गोठ्यातली खरी दूधनोंद हाच आहे. तेव्हा कालवडीच्या कानात बिल्ला मारून घ्या, बापाचा नंबर नोंदवा, आणि दूध मोजायला माणूस आला की जे भरेल तेच लिहू द्या, एक लिटरही वाढवून सांगू नका.