‘दुधाचेच तर दात आहेत’ हे आता पुरे!

गिरगावापासून लालबागपर्यंत कुठल्याही घरात विचारा, मुलाला दाताच्या डॉक्टरकडे कधी नेता? उत्तर ठरलेलं: "दुखायला लागलं की." दात दुधाचा असेल तर तेही नाही, कारण "पडणारच आहे ना तो!" माझा या दोन्ही वाक्यांवर राग आहे.

मुळात ‘कीड’ या शब्दानेच आपली दिशाभूल केली आहे. कीड म्हटलं की वाटतं, अळी लागली, दात गेला. पण दातात अळीबिळी काही नसते. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. दातावरचा पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. खाणं थांबलं की लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते आणि क्षार पुन्हा दातात शिरतात. ही देवघेव रोज चालते. महिनोन्‌महिने जमेपेक्षा खर्च जास्त झाला तरच भोक पडतं.

भोक पडण्याआधी एक टप्पा येतो. हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरा, निस्तेज पट्टा दिसतो. हा टप्पा बहुतेक वेळा मागे फिरवता येतो, ड्रिल न लावता, इंजेक्शन न देता. आणि तो अजिबात दुखत नाही! दुखायला लागतं तेव्हा इनॅमल पार झालेलं असतं, आणि पडलेलं भोक कुठल्याही पेस्टने भरून येत नाही. "दुखलं की जाऊ" याचा अर्थ "सोपा इलाज संपला की जाऊ" असा होतो.

आता ‘पडणारच आहे’बद्दल. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पाच वर्षांच्या मुलाने तोवर काय गिळून खायचं? दाढ वेळेआधी काढली की शेजारचे दात सरकतात, पक्क्या दाताची जागा जाते, मग तारा लावा. आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली पक्की दाढ येते ती कुठलाही दात न पडता, सगळ्यांच्या मागे, गुपचूप. घरचे तिलाही दुधाचीच समजतात आणि ती आयुष्यभराची दाढ किडू देतात.

दुसरं खूळ व्हॉट्सॲपवरचं: "फ्लोराइड विष आहे." चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे दात-हाडांना त्रास होतो, हे खरं. पण मुंबईकर पितो तानसा, भातसा, वैतरणाचं तलावाचं पाणी. त्या गावांची भीती दादरच्या बाथरूममध्ये कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. इन्सुलिन ज्या यादीत आहे, त्याच यादीत. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ पेस्ट हौसेने आणता, तिच्या ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का, ते तरी वाचा. साधारण १००० पीपीएमची असावी. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. ब्रश झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर कामाचं औषध बेसिनमध्ये जातं. झोपण्यापूर्वीचा ब्रश चुकवू नका, रात्री लाळ कमी असते. त्यानंतर दुधाची बाटली नको.

गोडाशी माझं वैर नाही. गणपतीत जेवणाबरोबर चार मोदक खा. दिवसभर थोड्याथोड्या वेळाने तोंडात टाकलेलं चॉकलेट आणि चहात बुडवलेलं बिस्कीट जास्त घातक, कारण लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. (मोठ्यांनो, तोंड कोरडं पाडणारी औषधं घेत असाल तर हे तुम्हालाही लागू. डॉक्टरांना सांगा, गोळी परस्पर बंद करू नका.)

महिन्यातून एकदा खिडकीपाशी मुलाचा वरचा ओठ उचला, दात कापडाने कोरडे पुसा आणि बघा. पांढरा पट्टा दिसला तर दंतवैद्याकडे न्या, फ्लोराइड व्हार्निशबद्दल विचारा. त्या डागावर टोकदार सुई खुपसू देऊ नका, वरचा नाजूक थर फुटू शकतो. खर्चाची अडचण असेल तर मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. परळहून दोन्हीकडे अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं.